एक नोंदवही, तीन टेबले

(हौशी रेडिओचालक दरवर्षी मोकळ्या मैदानात तंबू ठोकून दूरदूरच्या केंद्रांशी बोलतात आणि प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवतात. निरनिराळ्या टेबलांवर होणाऱ्या या नोंदी संगणकांच्या जाळ्यामुळे एक कशा होतात, ते जाळे कसे उभारतात आणि ही शिस्त संकटाच्या वेळी कशी उपयोगी पडते, हे या पाठात सांगितले आहे.)

शाळेचा क्रीडादिन जवळ आला आहे, अशी कल्पना करा. स्पर्धांसाठी नावनोंदणी चालू आहे. गर्दी होऊ नये म्हणून सरांनी तीन टेबले मांडली आहेत. प्रत्येक टेबलावर एक वही आहे आणि वहीपुढे एक विद्यार्थी बसला आहे. सलीमने पहिल्या टेबलावर शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीसाठी नाव दिले. थोड्या वेळाने तो एका मित्राबरोबर तिसऱ्या टेबलाशी गेला. आपले नाव लिहिले गेले की नाही, अशी त्याला शंका आली, म्हणून त्याने तेथेही नाव दिले. तिसऱ्या टेबलावरच्या मुलाला पहिल्या वहीत काय लिहिले आहे, ते कसे कळणार? त्याने नाव लिहून घेतले. संध्याकाळी तिन्ही वह्यांची मिळून एक यादी केली, तेव्हा शर्यतीत सलीम नावाची दोन मुले धावणार होती!

येथे कोणीही खोटेपणा केला नाही. प्रत्येकाने आपापली वही नीट लिहिली. तरीही हिशेब चुकला. कारण वह्या तीन होत्या आणि एका वहीची खबर दुसऱ्या वहीला नव्हती. हौशी रेडिओचालकांपुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणात उभा राहतो. तो ते कसा सोडवतात, हे आपण पाहू.

घरातला रेडिओ आपण फक्त ऐकतो. त्यातून आपल्याला उलट बोलता येत नाही. हौशी रेडिओचालकाजवळ मात्र संदेश पाठवणारे आणि संदेश घेणारे, अशी दोन्ही कामे करणारे यंत्र असते. त्याच्या साहाय्याने तो शेकडो, कधी कधी हजारो किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या रेडिओचालकाशी बोलतो. दोघांच्या मध्ये तार नसते, टेलिफोनचे केंद्र नसते आणि मोबाइलचा मनोराही नसतो. अशा छंदिष्ट लोकांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. हॅम होण्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि सरकारकडून परवाना घ्यावा लागतो. परवान्याबरोबर प्रत्येकाला एक ओळखचिन्ह मिळते. त्याला ‘कॉलसाइन’ म्हणतात. अक्षरे आणि अंक मिळून कॉलसाइन तयार होते. एक कॉलसाइन दोघांना कधीच मिळत नाही. भारतातील हॅम मंडळींची कॉलसाइन बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते. अमेरिकेतील हौशी रेडिओचालकांची मोठी संस्था म्हणजे ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’. कनेक्टिकट राज्यातील न्यूइंग्टन येथे तिचे मुख्य कार्यालय आहे. तेथील रेडिओ केंद्राची कॉलसाइन ‘डब्ल्यू१एडब्ल्यू’ अशी आहे.

हीच संस्था १९३३ सालापासून ‘फील्ड डे’ नावाचा एक कार्यक्रम भरवीत आली आहे. फील्ड डे म्हणजे मैदानातला दिवस. जून महिन्यातील चौथ्या पूर्ण शनिवार-रविवारी तो असतो. त्या दिवशी अमेरिकेतील आणि कॅनडातील हजारो रेडिओचालक घरची सोय सोडून बाहेर पडतात. कोणी बागेत, कोणी टेकडीवर, तर कोणी शाळेच्या मैदानावर तंबू ठोकतो. झाडाला किंवा खांबाला तार बांधून अँटेना तयार करतात. वीज जनरेटरची, बॅटरीची किंवा सौरपट्ट्यांची असते. उद्या वादळात किंवा भूकंपात विजेच्या तारा तुटल्या आणि टेलिफोन बंद पडले, तर आपण संदेश पोहोचवू शकू का, हे या दिवशी तपासून पाहायचे असते. म्हणून फील्ड डे हा खेळही आहे आणि संकटाची रंगीत तालीमही आहे.

कार्यक्रम शनिवारी जागतिक वेळेनुसार १८ वाजता सुरू होतो. त्या वेळी कनेक्टिकटमध्ये दुपारचे २ वाजलेले असतात आणि आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. आधीपासून मांडणी करून बसलेल्या गटाला तेथून पुढे सलग २४ तास काम करता येते. या वेळात जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधायचा असतो. आवाजाने साधलेल्या संपर्काला १ गुण मिळतो. मोर्स संकेतांनी किंवा संगणकाच्या संकेतांनी साधलेल्या संपर्काला २ गुण मिळतात.

संपर्क झाला, असे केव्हा म्हणायचे? नुसते ‘नमस्कार, कसे आहात?’ म्हणून चालत नाही. दोघांनी एकमेकांची कॉलसाइन अचूक ऐकली पाहिजे. शिवाय प्रत्येकाने दोन गोष्टी सांगायच्या असतात: आपला वर्ग आणि आपला विभाग. एखाद्या गटाने कनेक्टिकटमधील मैदानात तीन प्रक्षेपक लावले असतील, तर तो गट ‘थ्री अल्फा कनेक्टिकट’ असे सांगतो. ‘थ्री’ म्हणजे एकाच वेळी चालणारे तीन प्रक्षेपक. ‘अल्फा’ म्हणजे ‘ए’ वर्ग, अर्थात तीन किंवा अधिक माणसांचा मैदानात उतरलेला गट. नुसते ‘ए’ म्हटले तर खरखरीत ते ‘के’सारखे ऐकू येऊ शकते, म्हणून ‘अल्फा’ म्हणतात. समोरचा माणूस हे सगळे लिहून घेतो, आपला वर्ग आणि विभाग सांगतो, आणि दहा-पंधरा सेकंदांत संपर्क पूर्ण होतो. लगेच पुढच्या माणसाची हाक येते.

आता नियमातील एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. रेडिओलहरींचे वेगवेगळे पट्टे असतात. त्यांना ‘बँड’ म्हणतात. वीस मीटरचा बँड, चाळीस मीटरचा बँड, अशी त्यांची नावे आहेत. एका केंद्राशी एका बँडवर आणि एका पद्धतीने एकदाच संपर्क केलेला चालतो. डब्ल्यू१एडब्ल्यूशी वीस मीटरवर आवाजाने बोलणे झाले असेल, तर त्याच बँडवर आवाजाने पुन्हा बोलून गुण मिळत नाही. पण वीस मीटरवरच मोर्स संकेतांनी किंवा चाळीस मीटरवर आवाजाने बोलले, तर तो नवा संपर्क ठरतो. म्हणजे समोरून हाक आली की क्षणार्धात ठरवावे लागते: हा माणूस आपल्याला आधी भेटला आहे का? भेटला असेल तर कोणत्या बँडवर? कोणत्या पद्धतीने?

पूर्वी हे काम कागदावर होत असे. प्रत्येक बँडसाठी आणि पद्धतीसाठी चौकटी आखलेला एक मोठा कागद असे. कॉलसाइनमधील अंक आणि अक्षरे पाहून ठरावीक चौकटीत नाव लिहीत. हाक आली की एक जण बोले आणि दुसरा कागदावर बोट फिरवून ते नाव आधी आले आहे का, ते शोधी. टेबलाने बँड बदलला की कागदही बदलावा लागे. रात्री दवाने कागद ओला होई, घाईत अक्षर बिघडे आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कागदांची एक यादी करताना डोके दुखू लागे.

संगणक आले तेव्हा एका टेबलापुरता हा त्रास संपला. कळफलकावर कॉलसाइन लिहिताच संगणक सांगू लागला, ‘हा जुना आहे’ किंवा ‘हा नवा आहे’. पण तीन टेबलांवर तीन संगणक असले, तर सलीमच्या नावनोंदणीसारखाच घोटाळा व्हायचा. त्यावर उपाय एकच: तिन्ही संगणकांनी एकमेकांशी बोलले पाहिजे. यासाठी संगणक तारांनी किंवा बिनतारी पद्धतीने जोडून त्यांचे जाळे तयार करतात.

असे जाळे दोन प्रकारे काम करते. पहिल्या प्रकारात खरी नोंदवही एकाच संगणकावर असते. बाकीचे संगणक त्याच वहीत लिहितात. ही रचना समजायला सोपी आहे. पण वही असलेला संगणक बंद पडला, तर सगळ्यांचेच हात थांबतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक संगणकावर पूर्ण नोंदवहीची एक प्रत असते. एका टेबलावर नोंद झाली की ती जाळ्यातून बाकीच्या सर्व संगणकांकडे जाते आणि त्यांच्या वह्यांतही उतरते. एक संगणक बिघडला, तरी बाकीच्यांजवळ त्याने पाठवलेल्या सर्व नोंदी सुरक्षित राहतात. ‘एन१एमएम लॉगर प्लस’ हे सॉफ्टवेअर या दुसऱ्या प्रकारचे आहे. ते विंडोज असलेल्या संगणकांवर चालते आणि मोफत मिळते. ज्या हॅमने त्याची सुरुवात केली, त्याच्या कॉलसाइनवरून त्याला हे नाव मिळाले. जगभरातील अनेक रेडिओचालक ते वापरतात.

हे जाळे उभारायचे कसे? कामाची सुरुवात मैदानात नव्हे, तर घरी, काही दिवस आधीच करावी लागते. सर्व संगणकांवर एकच सॉफ्टवेअर, आणि तेही एकाच आवृत्तीचे असावे लागते. एकावर जुनी आणि दुसऱ्यावर नवी आवृत्ती असेल, तर त्यांचे एकमेकांशी पटत नाही. प्रत्येक संगणकाला वेगळे नाव द्यावे लागते. जसे, टेबल-१, टेबल-२, टेबल-३. वर्गात एकाच नावाची दोन मुले असली की हजेरीच्या वेळी कोणी ‘हजर’ म्हणावे, असा प्रश्न पडतो. संगणकांचेही तसेच होते.

मग संगणक जोडण्यासाठी ‘राउटर’ नावाची लहानशी पेटी लागते. पोस्टमन जशी प्रत्येक घरी पत्रे पोहोचवतो, तसा राउटर एका संगणकाची माहिती दुसऱ्याकडे पोहोचवतो. या कामासाठी इंटरनेटची मुळीच गरज नसते. ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण ज्या संकटासाठी ही तालीम करायची, त्यात इंटरनेट बंद असण्याचीच शक्यता जास्त! राउटर आणि संगणक तारेनेही जोडता येतात आणि बिनतारी, म्हणजे वाय-फायनेही जोडता येतात. तंबू जवळजवळ असतील तर तार बरी. ती सहसा दगा देत नाही. मात्र ती येण्याजाण्याच्या वाटेवर असू नये. नाहीतर अंधारात कोणाचा तरी पाय अडकतो, माणूस पडतो आणि जाळेही तुटते.

संगणकात ‘फायरवॉल’ नावाचा एक पहारेकरी असतो. बाहेरून कोणी अनोळखी आत शिरू नये, हे त्याचे काम. पण हा पहारेकरी कधी कधी आपल्याच मित्रांना दारात अडवतो. तारा नीट जोडलेल्या असतात, राउटरचे दिवे लागलेले असतात, तरी एका संगणकाला दुसरा दिसत नाही. अशा वेळी कारण बहुधा हेच असते. आपल्या नोंदींच्या सॉफ्टवेअरला आत-बाहेर येऊ द्यावे, अशी परवानगी फायरवॉलमध्ये देऊन ठेवली की काम होते.

यानंतर प्रत्येक संगणकावर त्याच कार्यक्रमाची नवी नोंदवही उघडायची. गटाची कॉलसाइन, वर्ग आणि विभाग सर्वत्र सारखा लिहायचा. मग जाळे सुरू करायचे आणि एका संगणकाला मुख्य नेमायचे. मुख्य एकच असावा. पडद्यावर जाळ्याची एक वेगळी खिडकी उघडते. तिच्यात कोणता संगणक हजर आहे, तो कोणत्या बँडवर आहे आणि त्याच्यापुढे कोण बसले आहे, हे दिसते. ही खिडकी म्हणजे जणू छावणीचा हजेरीपटच होय. नियमानुसार एका बँडवर एका पद्धतीने एका वेळी गटाचा एकच प्रक्षेपक चालू शकतो. म्हणून बँड बदलण्यापूर्वी या खिडकीकडे पाहिले की दोन टेबले एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. संगणकावरून दुसऱ्या टेबलाला छोटा निरोपही पाठवता येतो: ‘वीस मीटर मोकळा आहे, तुम्ही घ्या.’

आणखी दोन कामे राहतात. पहिले काम घड्याळांचे. सगळे संगणक जागतिक वेळेला अचूक लावले पाहिजेत. एका टेबलाचे घड्याळ दहा मिनिटे मागे असेल, तर एकत्र वहीत आधीची घटना नंतर आणि नंतरची आधी दिसते. दुसरे काम रेडिओ आणि संगणक यांना तारेने जोडण्याचे. मग रेडिओ कोणत्या बँडवर आहे, ते संगणक स्वतःच वाचतो. अशी जोडणी नसेल तर बँड बदलताना माणसाने तो संगणकातही बदलायला हवा. घाईत हे विसरले की वीस मीटरवरचे संपर्क चाळीस मीटरच्या नावे जमा होत राहतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

प्रक्षेपक जवळ असल्यामुळे येथे एक वेगळीच अडचण येते. अँटेनातून निघालेल्या रेडिओलहरी संगणकाच्या तारांमध्येही शिरतात. मग रेडिओवर बोलायला लागताच कळफलक अडतो किंवा पडदा गोठतो. त्यावर उपाय म्हणून तारांवर ‘फेराइट’ नावाच्या पदार्थाची कडी बसवतात. ती या नको असलेल्या लहरींना अडवते.

एवढी तयारी झाली की जाळ्याचीही तालीम घ्यायची. पहिल्या टेबलावर एक खोटा संपर्क लिहायचा आणि तो दुसऱ्या व तिसऱ्या टेबलावर दिसतो का, ते पाहायचे. मग दुसऱ्या टेबलावर लिहायचे, मग तिसऱ्या. त्यानंतर मुद्दाम एका संगणकाची तार काढायची, त्यावर दोन नोंदी करायच्या आणि तार पुन्हा जोडायची. राहिलेल्या नोंदी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे पोहोचल्या की जाळ्यावर विश्वास ठेवता येतो. शेवटी खोट्या नोंदी असलेली वही बाजूला ठेवून खऱ्या कामासाठी कोरी वही उघडायची. ही शेवटची गोष्ट विसरली, तर कधीच न झालेले संपर्क खऱ्या यादीत जाऊन बसतात.

आता रात्रीच्या दोन वाजण्याची कल्पना करा. जनरेटरमधील तेल संपत आले आहे. गरम यंत्रात तेल ओतणे धोक्याचे, म्हणून तो बंद करून थंड होऊ दिला आहे. लॅपटॉप संगणक आपापल्या बॅटरीवर चालू आहेत आणि रेडिओही बॅटरीवर चालू आहे. पण राउटर बंद पडला! जाळे तुटले. अशा वेळी काय होते? काम थांबत नाही. प्रत्येक टेबलाजवळ आतापर्यंतच्या सर्व नोंदींची प्रत असते. प्रत्येक जण आपल्या वहीत लिहीत राहतो. वीस मिनिटांनी जनरेटर सुरू होतो, राउटरचे दिवे लागतात आणि त्या वीस मिनिटांत राहून गेलेल्या नोंदी संगणक एकमेकांकडून मागवून घेतात. ज्या टेबलावर बसलेल्याने जाळ्याच्या खिडकीकडे लक्ष ठेवलेले असते, त्याला जाळे तुटले हे लगेच कळते. मधल्या काळात कोणते टेबल कोणत्या बँडवर आहे, हे तो ओरडून किंवा चिठ्ठी पाठवून विचारतो. यंत्र थांबले तरी माणसाने थांबायचे नाही, हे येथे शिकायला मिळते.

मात्र एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जाळे बरोबर नोंद जशी सगळीकडे नेते, तशी चुकीची नोंदही सगळीकडे नेते. एका टेबलावर ‘डी’ऐवजी ‘बी’ लिहिले, तर तिन्ही वह्यांत ‘बी’च दिसते. मग तो खरा माणूस पुन्हा भेटला, तरी संगणक त्याला नवाच समजतो. एखाद्याने घाईत दुसऱ्याची नोंद पुसली, तर ती सगळीकडून पुसली जाते. पूर्वी तीन कागद असत, तेव्हा एकाची चूक एकाच कागदावर राही. आता वही सर्वांची आहे, म्हणून जबाबदारीही सर्वांची आहे. संगणकाला कान नाहीत. समोरच्याने काय सांगितले, हे तो ऐकत नाही. आपण जे लिहू तेच तो खरे मानतो. म्हणून शंका आली तर जाणकार रेडिओचालक न लाजता म्हणतो, ‘कृपया पुन्हा सांगा.’ दहा सेकंद जातात, पण नोंद खरी होते.

टेबलावर बसणारा माणूस बदलला की नव्या माणसाने संगणकात आपली कॉलसाइन लिहायची असते. त्यामुळे कोणती नोंद कोणी केली, ते पुढे कळते. चूक सापडली तर त्यालाच विचारता येते. अधूनमधून संपूर्ण वहीची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून खिशात ठेवतात. आणि टेबलाच्या खणात कोरे कागद आणि दोन पेन्सिली असतातच. सगळी यंत्रे बंद पडली, तरी पेन्सिल चालते!

हे सारे वाचून तुम्ही विचाराल, ‘काही गुणांसाठी एवढी यातायात कशाला?’ त्याचे उत्तर फील्ड डेच्या मैदानात नाही. ते संकटाच्या जागी आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावे क्षणात ढिगाऱ्यात बदलली. त्या वेळी मदतीचे संदेश पोहोचवण्यासाठी हॅम मंडळी धावून आली होती. २००४ सालच्या डिसेंबर महिन्यात भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने हॅम मंडळींचा एक गट अंदमान बेटांवर गेला होता. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आजचे श्री विजयपुरम, येथून जगभरच्या रेडिओचालकांशी संपर्क साधायचा आणि त्यांची नोंद करायची, हा त्यांचा बेत होता. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा बेटांवर येऊन आदळल्या. नेहमीचे संपर्क तुटले. ज्या यंत्रांवर कालपर्यंत हौसेने संपर्क मोजले जात होते, तीच यंत्रे आता संकटाच्या खबरा आणि माणसांची खुशाली मुख्य भूमीपर्यंत पोहोचवू लागली.

अशा ठिकाणी गुण नसतात, पण नोंद असते. समजा, मदत छावणीत तीन टेबलांवर तीन रेडिओ चालू आहेत. एका गावाला औषधे हवी आहेत, असा निरोप पहिल्या टेबलावर येतो. तो पुढे गेला की नाही, हे तिसऱ्या टेबलाला माहीत नसेल, तर काय होईल? कदाचित तोच निरोप दोनदा जाईल आणि एका गावाला दोन गाड्या पोहोचतील. किंवा ‘दुसऱ्याने पाठवला असेल’ असे समजून कोणीच पाठवणार नाही आणि त्या गावाला एकही गाडी पोहोचणार नाही. क्रीडादिनाच्या यादीत एक नाव दोनदा आले, तर आपण हसून ते खोडतो. येथे मात्र एका चुकीच्या नोंदीची किंमत एखाद्या आजारी माणसाला मोजावी लागते.

म्हणून हॅम मंडळी आनंदाच्या दिवशी, हसतखेळत, ही सवय अंगी बाणवतात: ऐकलेले अचूक लिहावे, लिहिलेले सर्वांना दिसावे, आणि एकाचे काम बंद पडले तरी दुसऱ्याजवळ त्याची प्रत असावी. संगणकांचे जाळे या तीन गोष्टी सोप्या करते. पण अचूक ऐकणे आणि खरे लिहिणे हे काम शेवटी माणसाचेच असते.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कॉलसाइन म्हणजे काय?
(आ) फील्ड डे हा कार्यक्रम कोणत्या सालापासून होत आहे?
(इ) मोर्स संकेतांनी साधलेल्या एका संपर्काला किती गुण मिळतात?
(ई) संगणकातील ‘पहारेकरी’ कोणाला म्हटले आहे?

२. कारणे लिहा.
(अ) क्रीडादिनाच्या यादीत सलीमचे नाव दोनदा आले.
(आ) प्रत्येक संगणकाला वेगळे नाव द्यावे लागते.
(इ) राउटर बंद पडला तरी टेबलांवरचे काम थांबले नाही.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) खरे काम सुरू करण्यापूर्वी जाळ्याची तालीम कशी घेतात?
(आ) ‘वही सर्वांची आहे, म्हणून जबाबदारीही सर्वांची आहे,’ असे लेखात का म्हटले आहे?

४. पुढील शब्द उर्दूतही वापरतात. मराठी वाक्यांत त्यांचा उपयोग करा.
खबर, मैदान, तालीम, परवाना, हिशेब

५. तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दोन टेबलांवर नावनोंदणी करायची आहे. एकही नाव दोनदा येऊ नये म्हणून तुम्ही काय काळजी घ्याल, ते सांगा.